चौदा इंचांची भिंत

ओळंबेरावांना कोरी भिंत बघवत नसे. सगळं तिथूनच सुरू झालं.

ओळंबेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांतल्या भिंतींना वॉलपेपर लावला, आणि या छत्तीस वर्षांत दोरीला टांगलेलं शिशाचं ते वजन, म्हणजे ओळंबा, त्यांच्या उजव्या खिशातून हललं नाही. भिंत सरळ आहे की नाही हे तो लटकवल्याशिवाय कळत नाही. लोकांनी खरं नाव कधीच सोडून दिलं आणि हे धरलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शिडी सुटली, पण ओळंबा काही सुटला नाही. जेवताना टेबलावर ठेवायचे, झोपताना उशाशी. (मावशी म्हणायच्या, "माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर मीही सरळ राहिले असते.")

मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणे, म्हणून आपणही मावशीच म्हणू. मावशी पडदे शिवत. वीस वर्षं शिवत होत्या, पण चौकातल्या मोठ्या दुकानासाठी. कापड दुकानदाराचं, मेहनत मावशींची, आणि पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी दुकानदाराच्या नावाची. कुणाच्या घरी गेलं आणि आपलाच पडदा दिसला, तर मावशी गुपचूप त्याची शिवण चाचपून यायच्या. पण 'हा मी शिवलाय' असं तोंडातून काढायची सोय नव्हती.

आणि आता वीस वर्षांनी योग आला होता. वाचनालयाचं नवं वाचनगृह बांधून झालं होतं. बारा उंच खिडक्या, सगळ्या पश्चिमेला. दुपारी चारनंतर ऊन असं आत यायचं की माणसं वर्तमानपत्र वाचायची सोडून डोक्यावर धरायची. समितीला पडदे हवे होते. चिटणीसबाई संगणकाच्या मोठ्या हौशी. त्यांनी कळवलं, "ज्यांना काम हवं त्यांनी आपल्या कामाचं वेब पान पाठवावं. गुरुवारी चार वाजता आम्ही सगळी पानं भिंतीवर मोठी करून बघू." तिघांची पानं आली. एक परगावच्या कंपनीचं, एक चौकातल्या दुकानदाराचं, आणि एक मावशींचं. मावशींच्या स्वतःच्या नावाचं.

ते पान लेकीनं बनवलं होतं. लेक दूर राहायची, संगणकाचीच नोकरी करायची. तिनं मधोमध मजकूर ठेवला, मावशींचं नाव ठळक घातलं, खाली फोन नंबर दिला. बाकी सगळं पांढरंशुभ्र. फोन नंबर बदलायचा झाला तर फाइल कशी उघडायची, हे तिनं बाबांना दाखवून ठेवलं आणि वर बजावलं, "बाबा, नंबर सोडून कशालाही हात लावायचा नाही."

आता ज्या माणसानं छत्तीस वर्षं फक्त हात लावायचंच काम केलं, त्याला असं सांगून काय उपयोग?

सोमवारी सकाळी ओळंबेराव पानाकडे बघत बसले. मावशींचं नाव ठळक होतं खरं, पण त्याच्या मागे रिकामी भिंत. नव्या घरात बिऱ्हाड यायच्या आधी असते तशी. त्यांना कसंनुसंच वाटलं. "नुसता एक हात फिरवतो," ते स्वतःशी म्हणाले, "कुणाला कळायचंही नाही."

ऑपरेशननंतर घरी बसून कंटाळले होते, तेव्हा त्यांनी सहा रविवार संगणक ओळखीचा वर्ग केला होता. तिथं त्यांना कळलं होतं की वेब पानाचं रंगरूप ज्या ओळींत लिहितात त्याला सीएसएस म्हणतात, आणि त्यात 'बॅकग्राउंड' म्हणून एक ओळ असते. बॅकग्राउंड म्हणजे मजकुराच्या मागची भिंत. हे ऐकून ओळंबेराव वर्गात एवढ्या जोरात "हां!" म्हणाले होते की शेजारच्या बाईंच्या हातून चष्मा पडला. (वर्गातली बाकी एकही गोष्ट त्यांना कळली नव्हती. ही एक कळली.)

तर त्यांनी आधी रंग लावला. तपकिरी. अक्षरंही तपकिरीच होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. क्षणात मावशींचं नाव, फोन नंबर, वीस वर्षांचा अनुभव, सगळं भिंतीनं गिळलं.

"काय करताय?" स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला.

"काही नाही. ओलं आहे अजून," ते सवयीनं बोलून गेले.

घाईघाईनं रंग पुसला आणि ठरवलं, रंग हे रंगाऱ्याचं काम. आपण कागदवाले. आपण चित्रच लावायचं.

चित्र त्यांच्याकडे होतं. मागे लेक आली होती तेव्हा बाहेरच्या खोलीत मावशींनी शेवाळी रंगाचे पडदे लावले, छतापासून जमिनीपर्यंत, आणि लेकीनं समोरच्या भिंतीला पाठ टेकून त्यांचा फोटो काढला. अख्खा पडदा आलेला हा एकच फोटो. काय पडणं होतं त्या पडद्याचं! घडीशेजारी घडी, जशी ओळीत उभी राहिलेली माणसं. फक्त फोटोच्या उजव्या बाजूला ओळंबेराव स्वतः आले होते. दिवस उकाड्याचे, दांडी त्यांनीच ठोकली होती, त्यामुळे अंगात बनियन आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. एका हातात ओळंबा लटकवलेला आणि तोंड उघडं, कारण ते त्या क्षणी "सरळ आहे का गं?" असं विचारत होते.

आता तुम्ही आम्ही काय केलं असतं? ओळंबेराव तेवढे कापून टाकले असते. पण इथं धंदा आडवा आला. वॉलपेपरवाल्यांची एक रीत असते. वरचा आणि खालचा जास्तीचा कागद सुरीनं कापायचा, पण कडेचा कागद कधी कापायचा नाही. तो कोपऱ्याआड वळवायचा. कापला आणि भिंत वाकडी निघाली तर फट दिसते. छत्तीस वर्षांत ओळंबेरावांनी फट दिसू दिली नव्हती.

त्यांनी मोजमापाची टेप काढली आणि लॅपटॉपच्या काचेला लावली. रुंदी चौदा इंच. मग चित्राची रुंदी किती लिहायची हे शोधताना त्यांना कळलं की सीएसएसला इंच चालतात! त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाले, "यंत्र आहे, पण कारागिरांची भाषा समजतं." चित्राला वीस इंच लिहिले. चौदा इंचांत पडदा बरोबर मावला आणि उरलेले सहा इंच, म्हणजे बनियन, चड्डी, उघडं तोंड वगैरे, काचेच्या कडेपलीकडे गेले. कोपऱ्याआड वळवले. काम फत्ते.

फोटोतली खालची जमीन मात्र त्यांनी रीतीप्रमाणे कापली, कारण पान लांब होतं, खाली सरकवलं की चित्र संपायचं आणि त्याखाली तेच पुन्हा सुरू व्हायचं. सीएसएसची ही सवयच आहे, नको म्हणून सांगितलं नाही तर चित्र लावतच सुटतं. ओळंबेरावांना हा दोष वाटेना, उलट कौतुक वाटलं. "वॉलपेपर असाच असतो," ते म्हणाले. दोन दिवस खपून त्यांनी वरच्या चित्राच्या घड्या खालच्या चित्राच्या घड्यांशी अशा जुळवल्या की सांधा भिंगातूनही सापडू नये. मावशींना बोलावून दाखवलं.

मावशी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. शेवाळी पडद्यावर त्यांचं नाव. त्यांनी पदराला हात पुसले, जसं काही त्या नावाला हात लावणार होत्या.

"लेकीनं केलं?"

"मी केलं."

"तुम्ही?" मावशी म्हणाल्या. मग हळूच, "सरळ आहे हो."

छत्तीस वर्षांत त्यांना कुठल्याही मालकानं एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती.

गुरुवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती कामावर जाता जाता चालत बोलत होती. "बाबा, पान मोबाइलवर बघितलं. हिरवं हिरवं काय दिसतंय?"

"आईचा पडदा."

"छान दिसतंय. पण खरं सांगा, चित्राचं माप कसं दिलंत?"

"टेपनं घेतलं."

फोनमध्ये दोन पावलं ऐकू आली, मग पावलं थांबली. "टेपनं? बाबा, वेब पानाला माप नसतं. ज्याची जेवढी काच, तेवढं ते होतं."

"माप नाही अशी भिंत मी अजून बघितली नाही," ओळंबेराव ताठ झाले. "तुझ्या एवढ्याशा फोनवर बरोबर दिसलं ना? माझ्या चौदा इंचांवर बरोबर दिसलं ना? मग झालं तर!"

"पण मोठ्या पडद्यावर..."

"मोठा पडदा आईच शिवणार आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. (स्वतःच्या या उत्तरावर ते तासभर खूश होते. त्या दिवसातला तो शेवटचा खुशीचा तास.)

चार वाजता दोघं वाचनगृहात पोचले. मावशी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या आणि नमुन्यांचं गाठोडं ओळंबेरावांच्या काखेत होतं. ऊन बारा खिडक्यांतून आडवं आत शिरलं होतं. म्हणून समितीनं उन्हाला पाठ करून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि भिंतीच्या ज्या कोपऱ्यात सावली होती तिथं प्रोजेक्टरचा उजेड पाडला होता. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य, सगळे त्यांना डॉक्टरआजोबा म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, त्याखाली हातात आणखी एक भिंग. दुकानदारही आला होता. मावशींना बघून तो हसला, "अरे वा, तुम्हीसुद्धा?"

परगावच्या कंपनीचं पान झालं. मग दुकानदाराचं. एकापाठोपाठ एक पडदे येत गेले, आणि मावशी पुटपुटत राहिल्या, "हा माझा. हाही माझा. याची झालर तर मी तापात शिवली होती."

"पण याची लांबी किती असेल?" डॉक्टरआजोबांनी विचारलं. "आमच्या खिडक्या नऊ फूट आहेत. चित्रात तर हा रुमालही वाटतो."

"मोठा आहे, खूप मोठा," दुकानदार म्हणाला.

"आणि रंग? इथलं ऊन बघताय ना? जुन्या वाचनगृहातले पडदे सहा महिन्यांत पांढरेफटक पडले."

"रंग एकदम पक्का," दुकानदार म्हणाला. आजोबांनी भिंग दुकानदाराकडे वळवून त्याच्याच चेहऱ्याची तपासणी केली आणि परत खाली ठेवलं.

"आता तिसरं पान," चिटणीसबाई म्हणाल्या.

भिंतीवर शेवाळी पडदा उलगडला. कुणीतरी "वा!" म्हणालं. ओळंबेरावांनी छाती पुढं काढली. पण चिटणीसबाईंची काच रुंद होती, चांगली वीस इंचांची. पडदा उलगडत उजवीकडे गेला, आणखी उजवीकडे गेला, आणि कोपऱ्याआड वळवलेले ओळंबेराव कोपऱ्यातून बाहेर आले. पुरुषभर उंच. बनियन, पट्ट्यांची चड्डी, हातात ओळंबा, तोंड उघडं. नेमकं त्यांच्या डोक्यावर लेकीनं मथळा लिहिला होता, 'आमचे काही नमुने'.

मग पाठीमागून कुणीतरी नाकातून हसलं, आणि बांध फुटला.

"खाली घ्या, खाली घ्या," गोंधळून मावशीच म्हणाल्या.

चिटणीसबाईंनी पान खाली सरकवलं. खाली तेच चित्र पुन्हा. जमीन कापलेली असल्यामुळे वरच्या ओळंबेरावांचे घोटे खालच्या ओळंबेरावांच्या डोक्यावर अधांतरी लटकत होते. आणखी सरकवलं, तिसरे. सर्कशीतल्या कसरतपटूंसारखे एकावर एक उभे, सगळ्यांच्या हातात ओळंबा, सगळ्यांचा एकच प्रश्न. सांधा मात्र खरोखरच कुठं दिसत नव्हता.

"तुम्ही सगळे भाऊ का?" दुकानदारानं विचारलं.

ओळंबेरावांना काय करावं सुचेना. ते धावत भिंतीपाशी गेले आणि हात पसरून स्वतःच्या चित्रासमोर उभे राहिले. झाकायला. पण प्रोजेक्टरचा उजेड तो! चित्र सरळ त्यांच्याच अंगावर पडलं. इस्त्रीच्या शर्टावर बनियन उमटलं, चांगल्या पँटवर पट्ट्यांची चड्डी उमटली, आणि त्यांचं तोंड आताही तसंच उघडं होतं. चिटणीसबाई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या.

मावशी मात्र हसत नव्हत्या. त्या उठून जवळ आल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "वीस वर्षांनी एकदा माझं नाव भिंतीवर लागलं होतं हो. काय केलंत हे?"

ओळंबेरावांनी हात खाली घेतले. "तुझ्या नावामागं कोरी भिंत होती," ते म्हणाले. "मला बघवेना."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा हात धरून त्यांना उजेडातून बाजूला घेतलं. गाठोडं उचललं, तेव्हा मागून आवाज आला, "थांबा. त्यांना परत तिथं उभं करा."

डॉक्टरआजोबा. ते भिंग घेऊन उठले होते. "तुमची उंची किती?"

"पाच फूट सहा इंच," ओळंबेराव म्हणाले. "माप मीच घेतलंय."

आजोबांनी भिंतीवरच्या ओळंबेरावांपासून भिंतीवरच्या पडद्यापर्यंत बोटांनी मोजलं. "म्हणजे पडदा झाला साधारण नऊ फुटांचा. वर अगदी सरळ. या बाजूला दोरी लटकतेय, त्या दोरीशी कड ताडून बघा. केसाचाही फरक नाही." ते समितीकडे वळले. "तिन्ही पानांत मला एवढ्या एकाच पडद्याची लांबी कळली. माणूस उभा केलाय मापाला. हुशार बाई!"

मावशी गप्प राहिल्या. (ही त्यांची खरी हुशारी.)

"आणि हे पट्ट्यांचं कापड कुठलं?" आजोबांचं भिंग आता चड्डीवर आलं होतं.

"ती... ती माझी चड्डी आहे," ओळंबेराव म्हणाले.

"कुणाची ते विचारलं नाही. कुठलं ते विचारलं."

इथं मावशींनी गाठोडं परत खाली ठेवलं. "माझ्याच पडद्याचं कापड आहे. दवाखान्याचे पडदे शिवले, त्यातला तुकडा उरला, त्याची यांना चड्डी शिवली. चार वर्षं झाली. हे रोज घालतात. एक दिवसाआड धुते, दोरीवर भर उन्हात वाळत घालते. रंग बघा. हा फोटो गेल्या उन्हाळ्यातला आहे."

"पक्का दिसतोय," आजोबा म्हणाले. "पण चित्रावर कसा विश्वास ठेवायचा? नमुना मिळेल बघायला?"

सगळ्यांनी ओळंबेरावांच्या पँटकडे बघितलं.

"आत्ता नाही घातलेली!" ते किंचाळले. "घरी दोरीवर आहे!"

"मग आणा की," चिटणीसबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

आणि ओळंबेराव गेले. दुखऱ्या गुडघ्यानं, भर उन्हात, दोरीवरची स्वतःची चड्डी आणायला. परत आले तेव्हा त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली होती. मावशींनी गुंडाळी सोडली आणि चड्डी टेबलावर पसरली. मग ती समितीभर फिरली. एकानं ओढून बघितली, एकीनं उलटी करून शिवण बघितली, "अय्या, किती बारीक टाके!" म्हणाली. आजोबांनी ती खिडकीत उन्हासमोर धरली, भिंग लावलं, आणि बराच वेळ त्या चड्डीतून पश्चिमेकडे बघत राहिले.

"ऊन अडतंय," ते म्हणाले. "डोळ्यांना त्रास नाही. हेच घेऊ."

दुकानदार उठून गेला. जाता जाता त्यानं मावशींना विचारलं, "माझ्याकडचं काम तेवढं सोडू नका हं."

"बघते," मावशी म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला बघते म्हटलं होतं.

घरी परतताना दोघं गल्लीच्या टोकापर्यंत आले. मग मावशींना हसू फुटलं. एवढं फुटलं की त्या भिंतीला टेकल्या. "तुम्ही सगळे भाऊ का, म्हणे!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. ओळंबेरावांनीही हसून घेतलं, कारण त्यांचा हात पुन्हा मावशींच्या हातात होता.

संध्याकाळी लेकीनं फोनवर सगळं ऐकलं, आणि ती बराच वेळ "बाबा! बाबा!" एवढंच म्हणत होती. मग तिनं पान दुरुस्त केलं. चित्र पुन्हा पुन्हा लागू नये म्हणून ओळ घातली, काच केवढीही असली तरी ती भरून जाईल अशी दुसरी ओळ घातली. "आणि बाबांना कापून टाकते," ती म्हणाली.

"कापू नकोस," मावशींनी निक्षून सांगितलं. "एक राहू दे. मापाला."

महिनाभर यंत्र चाललं. ओळंबेरावांनी बाराही दांड्या ओळंब्यानं लावून दिल्या. गिरणीकडून कापड आलं ते अगदी मोजून आलं, आणि बाराव्या खिडकीचा पडदा बाजूला बांधायच्या पट्ट्यापुरतं ते कमी पडलं. ओळंबेरावांना हे उद्घाटनाच्या दिवशी कळलं. सकाळी ते घरभर शोधत होते.

"अगं, माझी चड्डी कुठाय?"

"बाराव्या खिडकीत," मावशी आरशासमोरून म्हणाल्या. त्या साडीला पिन लावत होत्या. वाचनगृहाच्या दारावर त्या दिवशी पाटी लागायची होती, पडदे कुणी शिवले त्याची.

आता ओळंबेराव रोज दुपारी वर्तमानपत्र वाचायला तिथं जातात. मावशींच्या नावाची पाटी सरळ आहे ना ते दारातच ओळंबा लावून बघतात आणि बाराव्या खिडकीपाशी बसतात. तिथं उजेड चांगला येतो, असं ते सांगतात. पण कुणी उठून तो पट्टा ओढून घट्ट बांधायला लागलं, की ओळंबेराव वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि दोन्ही हातांनी आपली पँट वर ओढून धरतात.